२६ आठवड्यांनंतरचं गणित: नोकरी, अंगावरचं दूध आणि पाळणाघर

कायद्याने मिळणारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात. कागदावर दोन्ही आकडे जुळतात. मात्र या रजेतले आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस बाळंतपणाच्या आधी घेता येतात. ते सगळे आधीच वापरले तर नंतरसाठी १८ आठवडे उरतात, आणि आई कामावर हजर होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. वरचं अन्न सुरू व्हायला अजून दोन महिने असतात.

नोकरी आणि मूल यांचा तोल कसा साधायचा, असं विचारलं की 'मन खंबीर ठेवा' छापाचे सल्ले मिळतात. अडचण मनाची फार कमी वेळा असते. ती तासांची, अंतराची आणि तारखांची असते, आणि कुठे अडणार हे बरंचसं आधीच कळू शकतं.

म्हणून पहिला निर्णय सातव्या महिन्यातच घ्यावा लागतो: रजा कधी सुरू करायची. प्रकृती ठीक असेल, काम बैठं असेल आणि प्रवास झेपत असेल, तर अनेकजणी शेवटचे दोन-तीन आठवडेच आधी घेतात आणि उरलेली सगळी रजा नंतरसाठी ठेवतात. रक्तदाब, जुळी किंवा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती असेल तर हा हिशेब करत बसू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, किंवा गरोदरपण-बाळंतपणातून आजारपण आलं, तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. ही तरतूद बऱ्याच जणींना माहीतच नसते आणि त्या हक्काची रजा सोडून बिनपगारी रजा टाकतात.

कायद्यात नेमकं काय आहे

हे नियम आधी १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होते. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि याच तरतुदी तिच्यात आल्या. आधीची दोन मुलं हयात असतील तर रजा १२ आठवडेच मिळते. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि नोकरी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येत असेल तर रजेतले पैसे कंपनीकडून नव्हे, ईएसआय महामंडळाकडून येतात. त्यासाठी हजेरीऐवजी भरलेल्या वर्गणीचे दिवस मोजले जातात.

रजा संपल्यावरच्या तीन गोष्टी जास्त कामाच्या आहेत आणि त्याच कमी वापरल्या जातात. एक, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज आणखी, दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी. दोन, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा. या ५० मध्ये पुरुषही धरले जातात. 'आमच्याकडे बायका दहाच आहेत' हे उत्तर चुकीचं आहे. तीन, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम. हे तिसरं मात्र दोघांच्या संमतीवर अवलंबून आहे, मालकावर सक्ती नाही.

सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे. केंद्राच्या कर्मचारी महिलेला पूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बाल संगोपन रजा मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ती १८० दिवसांची आहे. दोन्हीकडे पहिल्या दोन मुलांसाठी आणि मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. शहाणपणाने वापरायची तर ही रजा पहिल्याच वर्षात संपवू नये. दहावी-बारावीच्या वर्षी तिची आठवण हमखास येते.

आणि यातलं काहीच नसलेल्या बायका? धुणीभांडी, शेतमजुरी, ऊसतोड करणाऱ्यांना पगारी रजा नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे: पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडीताई भरून देतात. अडतं ते बँक खातं आधारला जोडलेलं नसल्यामुळे, म्हणून ते काम बाळंतपणाआधी उरकावं. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतली पाळणाघरं महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतात. गावात वा वस्तीत ती आहेत का, हेही अंगणवाडीतच कळतं.

परतण्याआधी ऑफिसला काय लिहायचं

हजर होण्याच्या सहा आठवडे आधी मेल लिहावी. 'वेळेत थोडी सवलत मिळावी' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. 'पहिले तीन महिने ८.३० ते ५.३० अशी वेळ हवी' असं लिहिलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. त्याच मेलमध्ये आतून कडी लागणारी खोली कुठली, ती कोणत्या वेळांना मिळेल, दूध ठेवायला फ्रिज आहे का, रात्रपाळी आणि बाहेरगावचे दौरे कोणत्या तारखेपर्यंत नकोत, हे विचारून घ्यावं. रात्रीच्या पाळीसाठी बाईची संमती लागते, तेव्हा नकार लेखी असलेला बरा. स्वच्छतागृहात दूध काढा असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणावं. जिथे कुणी जेवणार नाही तिथे बाळाचं जेवण तयार होऊ नये.

आणखी एक छोटी गोष्ट. सोमवारी हजर होऊ नये. बुधवारी किंवा गुरुवारी व्हावं. पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो, आणि जे काही बिघडेल ते शनिवार-रविवारी दुरुस्त करता येतं.

दुधाचा हिशेब

एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली आईचं दूध पितं. या काळात वजन वाढतं, पण दुधाचं माप फारसं वाढत नाही. ताशी ३० ते ४० मिली हा ढोबळ हिशेब पुरतो. घर कल्याणला, ऑफिस फोर्टात, कामाची वेळ साडेनऊ ते सहा. रिक्षा, जलद लोकल आणि पुढची चाल धरून एका बाजूचे पावणेदोन तास. म्हणजे आई घराबाहेर १२ तास, आणि मागे हवं असलेलं दूध ३६० ते ४८० मिली. बाळ रात्री तीन-चार वेळा पीत असेल तर दिवसा याहून कमीही लागतं.

ऑफिसात दर तीन तासांनी एकदा, म्हणजे साधारण साडेदहा, दीड आणि साडेचारला दूध काढावं लागतं. एका वेळेला १५-२० मिनिटं. दोन्ही बाजूंचं मिळून ६० ते १२० मिली निघालं तर ते उत्तम समजावं. तीन वेळांचं जास्तीत जास्त ३६० होतं. उरलेली तूट पहाटे भरते: बाळाला एका बाजूला पाजायचं आणि दुसऱ्या बाजूचं काढून ठेवायचं. रात्री-पहाटे दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे या वेळेला सर्वांत जास्त निघतं.

तीन तासांचा आग्रह का? छाती रिकामी होते तसं दूध तयार होतं. ती भरलेली राहिली की शरीर उत्पादन कमी करतं. मीटिंगमुळे एखादी वेळ चुकली तर काही बिघडत नाही. रोज दुपारची वेळ चुकली तर आठ-दहा दिवसांत दूध आटू लागतं, आणि बाई समजते की आपल्यालाच कमी येतंय. छाती दगडासारखी होणं, गाठ, लालसरपणा ही पुढची पायरी. तेव्हा पाजणं बंद करायचं नसतं. बाळाला पाजत राहायचं, थंड फडकं ठेवायचं, आणि ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

पंप वापरताना दुखत असेल तर बहुतेकदा फनेलचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचं माप चुकलेलं असतं. ते स्तनाग्राच्या जाडीपेक्षा थोडंच मोठं हवं, दोन-चार मिलिमीटर. खोक्यात येणारं माप सगळ्यांना बसत नाही. हाताने दूध काढायला शिकून घेणं अजून चांगलं, कारण पंपाची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. पान्हा फुटायला वेळ लागत असेल तर आधी दोन मिनिटं कोमट फडक्याने शेकावं.

फ्रीजर भरून ठेवण्याची अनेकींना घाई असते. तिची गरज नाही. आज काढलेलं उद्याला, असं चक्र चालतं. गाठीशी एक-दोन दिवसांचं पुरतं. हजर होण्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज सकाळी एकदाच काढलं तरी तेवढं सहज जमतं.

साठवण्याचे आकडे पाठ असावेत. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोली पस्तिशीला जाते, तेव्हा ते लगेच फ्रिजमध्येच टाकावं. फ्रिजमध्ये चार अंशांना चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नव्हे. फ्रीजरमध्ये सहा महिने. पूर्ण गोठलेले बर्फाचे पॅक घातलेल्या जाड पिशवीत २४ तास, म्हणजे लोकलचा प्रवास निर्धास्त होतो. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, ते पुन्हा गोठवायचं नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये. बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. डबीवर तारीख आणि वेळ लिहावी. ६० ते १०० मिलीचेच भाग करावेत, कारण बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं, आणि इतक्या कष्टाचं दूध मोरीत ओतताना जिवावर येतं.

दूध कोमट पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. त्यात एखादा भाग उकळता आणि बाकीचं गार राहतं. वर साय धरल्यासारखं दिसतं ते फाटलेलं नसतं, हलकेच फिरवलं की मिसळतं. काहींच्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. तेही बिघडलेलं नसतं, मात्र काही बाळं ते पीत नाहीत, म्हणून एक डबी आधीच वितळवून पाजून बघावी.

बाटली घेत नाही ही दुसरी मोठी तक्रार. आईच समोर असेल तर बाळ बाटली कशाला घेईल? सवय बाबांनी किंवा आजीने लावावी, आई दुसऱ्या खोलीत असताना, बाळ पुरतं भुकेजलेलं नसताना. पण बाटली हवीच असं नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ वाटी-चमच्याने चांगलं पितं, आणि वाटी उकळून स्वच्छ करणं बाटलीच्या बुचापेक्षा कितीतरी सोपं. सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं सुरू होतं. हळूहळू डबा वाढतो आणि दुधाचा हिशेब सैल होतो. वर्षाच्या आत मध मात्र अजिबात नाही, गुटीतून बोटभरसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे घरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगावं.

पाळणाघर: घराजवळ की ऑफिसजवळ?

ऑफिसातल्या पाळणाघराचं कौतुक बरंच होतं. पण बाळाला सकाळच्या लोकलमधून न्यायचं कसं, हे कुणी सांगत नाही. ज्यांचं घर कामापासून अर्ध्या तासाच्या आत आहे किंवा ज्या गाडीने जातात, त्यांना ते सोन्यासारखं. दुपारी जाऊन पाजता येतं. लोकलने, बसने किंवा स्कूटरवरून जाणारीने घराजवळचंच निवडावं. घराजवळचं असलं की आईला उशीर झाला तरी बाबा, आजोबा, शेजारच्या काकू कुणीतरी पोहोचू शकतं.

पाहायला दोनदा जावं, आणि न कळवता: एकदा दुपारी एक वाजता, जेवण-झोपेच्या वेळी, आणि एकदा संध्याकाळी सहाला. सकाळी अकराला सगळीच पाळणाघरं छान दिसतात. एक वर्षाच्या आतली बाळं असतील तर एका मावशींकडे तीन ठीक, चार म्हणजे ओढाताण. लंगोट बदलण्याची जागा आणि भरवण्याची जागा वेगळी आहे का, बदलल्यावर मावशी साबणाने हात धुतात का, हे उभं राहून बघावं. जुलाबांचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. तान्ह्यांना पाठीवर झोपवतात का? टीव्ही चालू आहे का? गेल्या वर्षभरात किती मावशी सोडून गेल्या, हे संचालिकेला विचारण्यापेक्षा बाहेर भेटणाऱ्या पालकांना विचारावं. कॅमेऱ्यावर फार विसंबू नये, बाळ रडतंय हे त्यात दिसतं, का रडतंय ते नाही.

उशीर झाल्यावर काय, हे लेखी ठरवून घ्यावं. मूल नेण्याची परवानगी असलेल्यांची नावं आणि फोटो तिथे हवेत, आणि त्यातलं एक माणूस पंधरा मिनिटांत पोहोचणारं हवं. मुंबईत २६ जुलै २००५ ला लोकल बंद पडल्या आणि माणसं दुसऱ्या दिवशी घरी पोहोचली. पाऊस तेवढा नसला तरी जुलैत एखादी संध्याकाळ अशी येतेच. जून ते सप्टेंबर पाळणाघरात एक वेळचं जास्तीचं दूध, कपडे आणि दुपटं ठेवलेलं असावं.

बाळ रुळवायला दोन आठवडे राखून ठेवावेत आणि ते रजेतच यावेत. पहिले दोन दिवस तासभर, घरच्यांपैकी कुणी सोबत. मग दोन तास एकटं. मग त्यात एक दूध, नंतर एक झोप, आणि शेवटी पूर्ण दिवस. गुपचूप निसटायचं नाही; निरोप घ्यायचा, छोटासा, रोज एकसारखा. आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला अनोळखी माणसाचं भय वाटू लागतं आणि ते दीड वर्षापर्यंत टिकतं. म्हणून पाच-सहा महिन्यांचं बाळ पटकन रुळतं आणि दहा महिन्यांचं दारातच गळ्याला मिठी मारतं. तेव्हा पाळणाघर वाईट आहे असं लगेच ठरवू नये. आई दिसेनाशी झाल्यावर रडणं दहा-पंधरा मिनिटांत थांबतं का, हे पाहावं. दोन-तीन आठवड्यांनंतरही बाळ दिवसभर रडत असेल, खात-पीत नसेल, तर मात्र प्रश्न पाळणाघराचा आहे.

आजारपणाचे दिवस

पहिल्या वर्षात सर्वांत जास्त रजा यातच जातात. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, पाळणाघरात गेल्यावर त्याहून जास्त. नुसत्या वाहत्या नाकाने घरी ठेवण्याची गरज नसते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, जुलाब, उलट्या, डोळे येणं, तोंडात-तळहातावर फोड असतील तर घरीच. औषधाशिवाय २४ तास ताप नसला की परत पाठवायचं. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाळणाघरात सोडलं तर दुपारी दोनला फोन येतोच, आणि तोवर आणखी चार मुलांना लागण झालेली असते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर रजेनंतर येतात. बूस्टरनंतर दोन दिवस ताप येऊ शकतो, म्हणून ती लस शुक्रवारी किंवा शनिवारी घ्यावी.

या दिवसांना घरी कोण राहणार, हे त्या दिवशी सकाळी ठरवलं तर दरवेळी आईच राहते. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८, असं आढळलं. म्हणजे रोज तीन तासांहून जास्त फरक, जवळजवळ कल्याण-फोर्टच्या जाण्यायेण्याइतका. त्यामुळे 'मी मदत करतो' हे पुरत नाही. मदतीत आठवण ठेवणं आणि सांगणं आईकडेच राहतं. एखादं काम अख्खं एकाच्या नावावर करावं: पाळणाघराची पिशवी भरणं, संपलेलं सामान आणणं, फी भरणं, मावशींशी बोलणं, हे सगळं बाबांचं. लसीचं कार्ड आणि डॉक्टर आईचे. आजारपणात सोमवार ते बुधवार बाबांची रजा, गुरुवार-शुक्रवार आईची, असं वार लावून टाकावं. खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. बाकीच्यांनी साधी रजा वापरायची.

आजी असेल तर प्रश्न सुटला, असं धरून चालू नये. साठीच्या बाईने बारा तास रांगतं मूल उचलणं हे गुडघ्यांना झेपत नाही, आणि सासूबाई तसं तोंडाने बोलत नाहीत. अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी, ही वाटणी जास्त टिकते.

शाळा सुरू झाल्यावर

तीन वर्षांनंतर सगळं सोपं होईल असं वाटतं, पण बालवाडी तीन तासांची आणि ऑफिस नऊ तासांचं. पाळणाघर तेव्हाही सोडता येत नाही, फक्त त्याच्या वेळा बदलतात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश आहे. मुलांच्या झोपेसाठी तो चांगला आहे. पण साडेनऊच्या ऑफिसला जाणाऱ्या आईला पूर्वी सातच्या शाळेला मूल सोडून निघता यायचं, आता ती मुलाच्या आधी घराबाहेर पडते. त्यामुळे प्रवेश घेतानाच शाळेची व्हॅन किती वाजता येते, आणि पाळणाघर शाळेत सोडणं-आणणं करतं का, हे विचारावं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत पाळणाघराच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे मेची नोंदणी फेब्रुवारीतच करावी.